खुंटीवरचा नान

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. मी म्हणतो, बांधणं सोपं. घर पाहावं दुरुस्त करून. त्यातून मालकीण परदेशात, तिचा बाप त्याच घरात ठाण मांडून बसलेला, आणि दोघांच्या मधे फोन धरून उभा मी. माझं नाव बारोत. बुखाऱ्याच्या जुन्या शहरात चाळीस वर्षं मातीचा गिलावा करतोय. आमच्या गल्लीतली निम्मी घरं माझ्या हाताखालून गेली. माझ्या कामाला नावं ठेवणारा अजून जन्माला यायचाय, असं मी चहाच्या दुकानात छाती ठोकून सांगायचो. आता सांगत नाही. त्याला कारण उबायदुल्ला अकांचं घर.

अका म्हणजे थोरला भाऊ; उबायदुल्ला अका माझे शेजारी, भिंतीला भिंत लागून. एकतीस वर्षं त्यांनी गिजदुवानच्या रस्त्यावर बस चालवली. निवृत्त झाले, पण बसमधून काही उतरले नाहीत. कुठूनही उठायचं झालं की आधी डाव्या खांद्यावरून मागे बघायचे, मग उजव्या, आणि म्हणायचे, "चला, दरवाजे लावा." लग्नात, मयतीत, मशिदीत, सगळीकडे हेच. पितळी बटणांचं निळं जॅकेट भर उन्हाळ्यातही अंगावर. त्याच्या खिशात तंबाखूची पत्र्याची डबी. डॉक्टरांनी तंबाखू बंद केली तरी डबी खिशातच राहिली, रिकामी. अधूनमधून उघडून नुसता वास घ्यायचे आणि झाकण लावायचे. मी चिडवायचो, "अका, बिनप्रवाशांची बस झाली की ही." ते म्हणायचे, "रूट चालू ठेवावा लागतो रे."

बायको लवकर गेली. एकच मुलगी, रिसोलत. नऊ वर्षांची असताना माझ्याच अंगणातल्या तुतीवरून पडली आणि पुढच्या दाताचा कोपरा उडाला. पुढे आमच्या बायका तिच्या मागे लागल्या, सोन्याचा दात बसवून घे म्हणून. ती हसून म्हणायची, "असू दे. हरवले तर ओळखायला सोपी." लग्न झालं, नवरा कामाला रशियात गेला आणि तिकडचाच झाला. रिसोलत शिवणयंत्र घेऊन बापाकडे परत आली. कधी रडली नाही, निदान आमच्यासमोर तरी नाही. गल्लीतल्या प्रत्येक नव्या नवरीचा झगा तिच्याच हातचा असायचा.

घर शंभर वर्षांचं. आमच्या शहराखाली खारं पाणी आहे, ते भिंतीतून वर चढतं. जुने लोक पायावर बोरूच्या काड्यांचा वीतभर थर द्यायचे, मग वर विटा. पाणी काड्यांशी थांबायचं. काड्या कुजल्या की लोण्याला, म्हणजे भिंत खाणाऱ्या पांढऱ्या खाराला, रान मोकळं. अकांच्या घरात तेच झालेलं. ओसरीचा एक खांब खचलेला, छपराची माती वाहून गेलेली, आणि मेहमानखान्याची, म्हणजे पाहुण्यांच्या मोठ्या खोलीची, मागची भिंत कमरेपर्यंत पांढरी. संडास अंगणापलीकडे. एका हिवाळ्यात अका पहाटे बर्फावरून घसरले आणि मनगट मोडून बसले. गळ्यात हात अडकवलेला बाप बघून रिसोलत माझ्याकडे, तिच्या अमाककडे म्हणजे काकाकडे, आली.

"अमाक, हे सगळं घर नीट करायचं तर किती दिवस लागतील?"

"हाताशी सगळं असेल तर दोन वर्षं. नसेल तर तुझ्या नातवंडांना विचार."

"मग दोन वर्षं," ती म्हणाली. शिवणयंत्र तिने माझ्या बायकोच्या, सलोमतच्या हवाली केलं आणि कमाईला इस्तंबूलला जायचं ठरवलं.

ती निघाली त्या सकाळी आम्ही सगळे मेहमानखान्यात होतो. भट्टीवरून आणलेला गरम नान अकांनी दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. आमच्यात निघणाऱ्याने नानाचा एक घास दातांनी तोडायचा, उरलेला नान घरच्यांनी भिंतीवर टांगायचा. त्याला दुसऱ्या कुणी तोंड लावायचं नाही. गेलेला परत आला की त्यानेच तो संपवायचा. नान घरात आहे तोवर माणूस परतीच्या वाटेवर आहे, असं आम्ही धरतो. सैन्यात गेलेल्या पोरांचे नान असेच टांगलेले असतात.

"मोठा चावा घे," अका म्हणाले. "लहान घास घेणारे लांब राहतात."

"मोठा घेतला तर परत आल्यावर मी काय खाऊ, दादा?"

"मी आहे ना खायला. माझं डोकं खा."

ती हसली आणि चावली. दातांची गोल ओळ उठली आणि तुटक्या दाताच्या जागी पावाची एक चिमुकली चोच राहिली. अकांनी नानाला भोक पाडलं, दोरा ओवला आणि मागच्या भिंतीतल्या लाकडी खुंटीला तो अडकवला. मग डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. त्या दिवशी मात्र "दरवाजे लावा" त्यांच्या तोंडून निघालं नाही.

दोनाची सात वर्षं झाली. इस्तंबूलमध्ये ती नर्मिन खानम नावाच्या एका अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला सांभाळायची. न्हाऊमाखू घालायची, भरवायची, कूस बदलायची. तिथे राहायचे तिचे कागद दुसऱ्याच वर्षी संपले. तरी ती राहिली, तिच्यासारख्या पुष्कळजणी राहतात. पण अशी बाई एकदा देशाबाहेर पडली की परत आत घेत नाहीत. म्हणजे आली की कायमची. म्हणून घर आधी पुरं व्हायला हवं होतं. आली की कमाई बंद, आणि अर्धं घर अर्धंच राहणार. हे गणित तिला पाठ होतं, मला पाठ होतं, आणि अकांना ते कधीच पटलं नाही.

"तिकडे परक्याच्या आईला भरवते, इकडे मला तुझी सलोमत सूप पाठवते," ते म्हणायचे. "सगळ्यांनी आपापल्या घरी उतरावं की! पण नाही. बस गोल फिरतेय."

रोज दुपारी ती फोन करायची, तोंड दिसणारा. मी फोन अकांच्या हातात द्यायचो आणि ते तो सरळ कानाला लावायचे.

"दादा, तोंडासमोर धरा!"

"मग ऐकू कसं येणार?"

"येतं ऐकू. मला तुमचं तोंड बघायचंय."

"तोंड काय बघायचंय, तेच आहे." आणि फोन परत कानाला. सात वर्षं तिने बापाचा कान पाहिला. एकदा मला म्हणाली, "अमाक, त्यांच्या कानातले केस कापा तरी. सगळे पांढरे झालेत."

घर मात्र तिने माझ्या डोळ्यांनी इंचाइंचाने पाहिलं. छप्पर झालं. खचलेल्या खांबाच्या जागी कोरीव काम केलेला, करकच नावाच्या टणक लाकडाचा नवा खांब उभा राहिला. तिने फोनवरून त्याच्या फुलांच्या पाकळ्या मोजल्या आणि एक कमी आहे म्हणून सुताराला परत बसवलं. मग घरातल्या घरात संडासासकट न्हाणीघर झालं, गरम पाणी, खालून तापणारी फरशी. ज्यासाठी ती गेली होती ते हेच. ते झालं त्या दिवशी तिने फोनवर नाक पुसलं.

अकांनी त्या न्हाणीघरात हिवाळ्याची खरबुजं टांगली.

"अहो अका, हे तुमच्यासाठी केलंय!"

"पहिलं पाणी ती ओतेल. उद्घाटन तिचं." आणि हातात काठी घेऊन अंगण ओलांडून जुन्या जागी गेले. हे मी तिला कधी सांगितलं नाही. फोन त्या दाराकडे वळवायची वेळ आली की आधी खरबुजं उतरवायचो.

सगळ्यात शेवटी राहिला मेहमानखाना आणि त्याची मागची भिंत, खुंटीवाली. तिथे मी माती खाल्ली. माणूस मातीतला, तरीही खाल्ली.

खरं काम असं: भिंतीचा तळ तुकड्यातुकड्याने कापायचा, कुजक्या काड्या काढायच्या, नव्या घालायच्या, विटा भरायच्या आणि मग मातीचे तीन हात द्यायचे. प्रत्येक हात पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा नाही. एक उन्हाळा जातो. रिसोलत फोनवर म्हणाली, "अमाक, इथे खाली सिमेंट मारतात. दोन दिवसांत भिंत गुळगुळीत. हे झालं तर मी वसंतात नवरोजला येते. देवाशप्पथ येते."

मी म्हणालो, "मातीच्या भिंतीला सिमेंट म्हणजे घाम आलेल्या माणसाला रबराचा कोट. पाणी आतून वर चढेल."

"चढू दे हो, मी येईन तेव्हा बघू."

अका बाजूलाच बसले होते. "नवरोज" ऐकून त्यांनी फोन माझ्याकडून घेतला आणि सात वर्षांत पहिल्यांदा कानाला न लावता तोंडासमोर धरला. तो चेहरा बघून मी नाही म्हणू शकलो नाही. कळत होतं, वळलं नाही. हिवाळ्याच्या तोंडावर मी सिमेंट मारलं. फोनवर भिंत अशी दिसली की रिसोलत टाळ्या वाजवायला लागली.

नवरोजच्या आधीच सिमेंटला पोट सुटलं. हात लावला तर पापुद्रा हातात आला, मागे सगळा ओला चिखल, आणि लोणा आता कमरेपर्यंत नाही तर छातीपर्यंत. तासाभरात अख्खी गल्ली बघून गेली. मी तोंड लपवून घरी बसलो. अका काठी टेकत माझ्या दारात आले.

"अरे उस्ता, बस बंद पडली म्हणून ड्रायव्हर पळून जातो का? चल, टायर बदल."

रिसोलतने मला एका शब्दाने दोष दिला नाही. एवढंच म्हणाली, "मग नीटच करा, अमाक. मी थांबते."

उन्हाळ्यात मी भिंत कापायला घेतली. मदतीला सलोमतचा भाऊ शोदी, वोबकंद गावाहून आलेला. माणूस देवभोळा, कामाला वाघ. घणाच्या ठोक्यांनी भिंत हादरायला लागली, तसा मी नान खुंटीवरून उतरवला. दगडासारखा झाला होता. अका त्या दिवशी डोळे दाखवायला दवाखान्यात गेले होते. मी विचार केला, खोलीत धूळ आहे, बाहेर ठेवावा. ओसरीच्या कोपऱ्यात भिंतीतून बाहेर आलेली उंच कड आहे, तिच्यावर नान ठेवला आणि आणखी माती आणायला गेलो.

आता हे कुणाला सांगितलं तर कपाळावर हात मारतील. आमच्या शहरात भिंतीच्या कडेवर शिळा नान कशासाठी ठेवतात? पाखरांसाठी. अन्न पायदळी जाऊ नये म्हणून रस्त्यात सापडलेला तुकडाही उचलून, ओठांना लावून, कपाळाला लावून कडेवर ठेवतात, आणि ज्याला सवड होईल तो कुस्करून पाखरांना घालतो. चाळीस वर्षं मीही तेच करत आलोय. आणि मीच तो नान तिथे ठेवला.

परत आलो तर अंगणात साळुंक्यांची जत्रा भरलेली. शोदी खाली बसून हात झटकत होता.

"फार वाळला होता," तो म्हणाला. "विटेवर ठेचावा लागला. पण पाखरांनी दुवा दिली बघ."

माझ्या हातातली पाटी पडली. शोदीला सांगितलं तेव्हा तो पांढराफटक पडला, जमिनीवर हात फिरवून कण गोळा करायला लागला. काय मिळणार? मी त्याला हाताला धरून उठवलं, कुणाला बोलायचं नाही अशी शपथ घातली, खोलीत कामाला लावलं आणि भट्टीकडे पळालो.

सदऱ्याखाली नवा गरम नान लपवून, पोट भाजून घेत परतलो तर अका दवाखान्यातून आलेले. ओसरीत त्याच कोपऱ्यात, त्या कडेच्या खालीच बसलेले. खुंटी रिकामी होती हे त्यांनी पाहिलंच असणार.

"नान माझ्या घरी ठेवलाय, अका," मी म्हणालो. "इथे धूळ होती. भिंत स्थिर झाली की टांगतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत औषध घातलेलं, पाणी वाहत होतं.

"बरं केलंस," ते म्हणाले. "जरा चहा सांग वहिनीला."

घरी सलोमतपुढे नान ठेवला आणि म्हणालो, "चाव."

"मी? मी नाही चावणार! चावला की प्रवास लागतो. मला कुठे पाठवताय?"

"कुठे नाही गं, गच्चीपर्यंत. मला पुढचे दात असते तर तुला कशाला विचारलं असतं?"

"हे पाप आहे हो. पोरीच्या जागी मी तोंड लावायचं?"

"त्या म्हाताऱ्याने रिकामी खुंटी बघायची, ते पुण्य आहे का?"

ती रडत रडत चावली. दात सगळे सोन्याचे, त्यामुळे ओळ एकदम सरळ. मी सुरीच्या टोकाने मधे थोडी चोच ठेवायला गेलो, ती मोडली. तीन दिवस नान गच्चीवर उन्हात वाळवला, वर चुलीची राख चोळली. चौथ्या दिवशी घणाचं काम संपलं तसा खुंटीवर टांगला. अका समोर उभे होते. मोतीबिंदूचे डोळे बारीक करून त्यांनी तो बघितला.

"टांगलास?" म्हणाले. "चला."

मी सुटकेचा श्वास सोडला. झाकली मूठ झाकलीच राहिली असं समजलो. एकच गोष्ट तेव्हा दिसूनही दिसली नव्हती. रोज सकाळी अका खुंटीपाशी जाऊन नानावरची धूळ फुंकायचे. त्यानंतर ते फुंकायला गेले नाहीत. मी म्हटलं, नजर गेली, धूळ कुठली दिसणार.

नव्या काड्या घातल्या, विटा भरल्या. पहिला हात, दुसरा हात. मी रोज भिंतीला गाल लावून ओल बघायचो. अका अंगणात खाट टाकून बसायचे आणि ओरडून विचारायचे, "वाळली का रे?"

"वाळतेय."

"तिला म्हणावं, जरा लवकर. मी ब्रेकवर पाय ठेवून बसलोय."

पानं गळायला लागली तेव्हा मी शेवटचा हात दिला. रिसोलतने तिकिटाची तारीख काढली होती, पंधरा दिवसांनंतरची. नर्मिन खानमसाठी दुसरी बाईही शोधून झाली होती. शेवटचा हात दिल्याच्या तिसऱ्या सकाळी सलोमत सूप घेऊन गेली. अका ओसरीत खांबाला टेकून बसले होते, जॅकेटची बटणं लावलेली, हातातला चहा तसाच. ती आधी त्यांच्याशी दोन वाक्यं बोललीसुद्धा.

आमच्यात मयत थांबवत नाहीत, दुपारच्या नमाजानंतर उचलायची होती. रिसोलत उडत आली असती तरी पोचली नसती. मी फोन लावला. ती ओरडली नाही. म्हणाली, "अमाक, फोन त्यांच्या कानाला लावा."

मी लावला. ती काय बोलली मला माहीत नाही. मी तोंड दुसरीकडे केलं होतं, आणि खरं सांगायचं तर मीच इतका हुंदके देत होतो की काही ऐकू आलं नसतं. कान गार होता. माझा हात अवघडला तरी ती बोलतच होती. ताटी उचलताना मी आपोआप डाव्या खांद्यावरून मागे बघितलं.

निघायचे कागद करता करता तिला उशीर झाला. ती आली ती विसाव्या दिवशी, ज्या दिवशी आम्ही मयताचं जेवण घालतो. सात वर्षांत केस पांढरे झालेले. लोक जेवून गेले. ती घरभर फिरली. खांबाला हात लावला, पाकळ्या मोजल्या. न्हाणीघराचं दार उघडलं आणि वर टांगलेल्या खरबुजांकडे बघत उभी राहिली. मग नळ सोडला, पाण्याखाली हात धरला आणि बंद केला.

मेहमानखान्यात मी आणि ती दोघंच बसलो. तिने खुंटीवरून नान उतरवला, संपवायला हवा म्हणून. खिडकीपाशी नेला, चाव्यावर बोट फिरवलं, मग जीभ आपल्या तुटक्या दाताला लावून बघितली.

"अमाक," ती म्हणाली, "हा माझा नाही."

मी सगळं सांगितलं. कड, शोदी, साळुंक्या, सलोमत, राख. सांगताना वर बघायची हिंमत झाली नाही. वाटलं होतं, शिव्या घालेल. घालायला हव्या होत्या. तिने नान मांडीवर ठेवला.

"त्यांना कळलं?"

"नाही. तेवढी एक देवाची कृपा."

ती उठली, आतून निळं जॅकेट घेऊन आली. मयताचे कपडे जवळच्या माणसाला देतात. "हे तुमच्यासाठी. त्यांनी तुम्हालाच दिलं असतं." देण्याआधी तिने सवयीने खिसे चाचपले, शिंपीण ती. पत्र्याची डबी निघाली. हलवली तर आत काहीतरी वाजलं.

झाकण उघडलं. आत कापसावर, अंगठ्याएवढा, नानाचा एक तुकडा. कडेला दातांची गोलाई आणि मधे पावाची चिमुकली चोच.

शोदीने नान उतरवताना तो त्या कडेखाली पडला असणार. ओसरीत, त्याच कोपऱ्यात. मी भट्टीवर होतो तेव्हा. म्हणजे मी सदऱ्याखाली नवा नान लपवून समोर उभा राहिलो आणि खोटं बोललो, तेव्हा हा त्यांच्या खिशात होता. बरं केलंस, म्हणाले होते. त्यानंतर तीन महिने रोज माझ्याबरोबर चहा प्यायले.

"कुठला दिवस होता तो?" रिसोलतने विचारलं. "ते डोळे दाखवायला गेले होते, तोच?"

मी मान हलवली.

"त्या संध्याकाळी त्यांनी मला फोन केला होता. कुणाकडून तरी लावून घेतला. कधी स्वतःहून करायचे नाहीत. नेहमीसारखा कान. म्हणाले, घर राहू दे, भिंत राहू दे, तू आजच्या आज निघ. मी म्हणाले, काय झालं दादा? तर म्हणाले, काही नाही. मी म्हणाले, थोडेच महिने राहिलेत, भिंत वाळू दे. तेव्हा म्हणाले, बरं, वाळू दे. आणि म्हणाले, बारोत जीव तोडून काम करतोय, त्याला काही बोलू नकोस."

मी जॅकेट हातात घेऊन बसलो होतो.

"नान गेला, एवढं एक वाक्य बोलले असते ना अमाक, तर मी त्या रात्रीच निघाले असते. म्हातारीला तशीच टाकून निघाले असते. त्यांना ते माहीत होतं."

ते मलाही माहीत होतं. आमच्यातल्या कुणालाही माहीत असतं. ते वाक्य ते बोलले नाहीत, कारण पुढचा प्रश्न आला असता, कुणी घालवला. माझी लाज राखायला त्यांनी मुलीची वाट बघितली, आणि दिवस पुरले नाहीत.

रिसोलतने प्याल्यात चहा ओतला आणि तो तुकडा त्यात सोडला. सात वर्षांचा नान, मऊ व्हायला फार वेळ लागत होता. तोवर आम्ही दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत होतो. भिंत पूर्ण वाळली होती.